श्रावणचं नख आणि घडीचा चाकू

ज्याचे हात कामात आणि तोंड मोकळं, त्याच्याकडं किस्से साचतात. वाण्याला बोलावं लागतं, मास्तराला ओरडावं लागतं, त्यांचं तोंड धंद्यातच खर्ची पडतं. आमचं तसं नव्हतं. आम्ही संत्र्याची कलमं बांधणारे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोपापुढं उकिडवं बसायचं, हात चालवायचे आणि बोलायचं. मग किस्से साचतील नाही तर काय होईल!

हे सारे एकाच हंगामाचे आहेत आणि एकाच चाकूचे. सत्तर साल नुकतंच मागं पडलं होतं. सक्करदऱ्याच्या तलावापलीकडं तेव्हा नुसती शेतं होती, त्यात आमची नर्सरी.

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. जंबेरीचं रोप असतं, म्हणजे रानटी लिंबाचं. त्याच्या खोडावर चाकूनं साल चिरायची, दोन्हीकडून अलगद उचलायची, आणि चांगल्या संत्र्याच्या काडीवरून काढलेला डोळा आत सरकवायचा. डोळा म्हणजे कोंब फुटायची जागा, ज्वारीच्या दाण्याएवढी. वरून केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपाची दोरी बांधायची. तीन आठवड्यांनी दोरी सोडून पाहायचं. हिरवा असला तर डोळा लागला, काळा पडला तर गेला.

चिरणं सोपं, साल उचलणं अवघड. लोखंडाचं टोक आतल्या ओल्या लाकडाला घासलं की डोळा वाळलाच समजा. म्हणून आम्ही साल नखानं उचलायचो. उजव्या अंगठ्याचं नख आम्ही सारेच राखायचो, पहिलवान मिशा राखतात तसं.

पुरुषानं डोळा भरायचा, बाईनं दोरी बांधायची. हा दौलत मिस्त्रीचा कायदा. दौलत मिस्त्री म्हणजे आमच्या टोळीचा मुख्य. तो म्हणायचा, "बाईचा हात सालीत गेला, का डोळा रुसला!"

का रुसला, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

•

टोळीत सगळ्यात सरस हात श्रावणचा. त्याचे शंभरात नव्वद डोळे लागायचे. माझे ऐंशी लागले तर मी खुश. श्रावण भरायचा आणि त्याची बायको अनसूया बांधायची. नवरा-बायकोची जोडी अशी चालायची की बघत राहावं.

त्या दिवाळीला विहिरीवरच्या इंजिनचं हँडल उलटं फिरलं आणि श्रावणच्या उजव्या अंगठ्यावर बसलं. आम्ही त्याला धंतोलीत एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस. पट्टी बांधून म्हणाला, "नशीबवान आहात. अंगठा वाचला."

श्रावणनं विचारलं, "आन् नख?"

"नखाचं मूळच चेंगरलं आहे. आलं तरी वेडंवाकडं येईल."

श्रावणच्या डोळ्यांतून पाणीच आलं. डॉक्टर हसला. "अहो, अंगठा वाचला त्याचं काही नाही, आणि नखासाठी रडता?"

आमचा नथ्थू मागं उभा होता. टोळीतला तो तोंडाळ. त्यानं डॉक्टरच्या गळ्याकडं बोट केलं. "साहेब, हे तुमचं कानात घालाचं यंत्र कोनी कायमचं नेलं, तं तुमी हसान का रडान?"

डॉक्टरनं गळ्यातल्या यंत्रावर हात ठेवला. मग म्हणाला, "बरोबर आहे. बसा. रडून घ्या."

•

जखम भरली. श्रावण चाकूच्या टोकानं साल उचलू लागला. पन्नास रोपं भरली. तीन आठवड्यांनी मिस्त्रीनं दोऱ्या सोडल्या. अठरा हिरवे, बाकी काळे.

मिस्त्री वाईट माणूस नव्हता, पण रोपांच्या बाबतीत त्याला नातं-गोतं नव्हतं. तो म्हणाला, "श्रावण, तू आता काड्या आनत जाय. हंगामाचा शेवटचा वाफा तुह्यासाठी ठेवतो. शंभर रोपं. ऐंशी लागले तं तू डोळेवाला. नाई लागले तं पुढच्या सालापासून खड्डे."

खड्डे म्हणजे बागेचे खड्डे खोदायचे. मजुरीचा फरक फार नव्हता. पण वाफ्यावर बसणारा माणूस वेगळा आणि खड्ड्यात उभा राहणारा वेगळा. आणि श्रावण खड्ड्यात गेला की अनसूयाही वाफ्यावरून उठणार, डोक्यावर मातीची टोपली घेणार.

त्या दिवशी कोणी बोललं नाही. आमच्या वाफ्यावर शांतता म्हणजे कोणी मेल्यासारखंच!

•

चाकूची बातमी नथ्थूनं आणली. सीताबर्डीवर एका दुकानाच्या काचेत त्यानं पाहिला होता. "बापूभाऊ, घडीचा चाकू हाय. एका टोकाले पातं, दुसऱ्या टोकाले पितळेची पट्टी. पट्टी कशी? नखावानी! आपल्याच कामाचा चाकू हाय तो."

बापूभाऊ म्हणजे मी. टोळीत वयानं मोठा, म्हणून कोणतीही वस्तू घ्यायची तर आधी मला विचारायचे. मी म्हणालो, "पाहू."

रविवारी आम्ही सारे गेलो. दुकानदार शेठ जाडजूड, गादीवर बसलेला. त्यानं चाकू काढला. मूठ काळ्या शिंगाची, पातं आत दुमडलेलं, पट्टीही दुमडलेली. खिशात घातला तर खारकेएवढा. शेठ म्हणाला, "विलायती डिझाईन आहे. मळेवाले लोक घेऊन जातात. उघडून पाहा ना, भाई!"

श्रावणनं हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. दाबून पाहिला, हलवून पाहिला. पातं काही बाहेर येईना.

शेठ म्हणाला, "अरे, पात्याच्या बाजूला खाच आहे बघा. त्यात नख घाला आणि ओढा."

आम्ही सारे एकमेकांकडं पाहू लागलो.

नथ्थूनं कपाळाला हात लावला. "घ्या! नख नाई म्हनून चाकू घ्याचा, आन् चाकू उघडाले नख पाहिजे!"

शेठला वाटलं, आम्ही त्याची थट्टा करतोय.

तेव्हा अनसूया पुढं झाली. "आना इकडं," म्हणाली. अंगठ्याच्या नखानं पातं एका झटक्यात उघडलं. तिचं नख चांगलं होतं. दोरीच्या गाठी सोडायला राखलेलं.

शेठ खुश झाला. "बघा! बाईमाणसालाही उघडतो!"

नथ्थू म्हणाला, "शेठ, बाईमानसालेच उघडते. श्रावण, तू आता चाकू खिशात ठेव आन् बायको दुसऱ्या खिशात!"

•

आठवडाभर वाफ्यावर एकच विषय. चाकू घ्यावा की नाही.

मिस्त्री म्हणाला, "बापानं कधी पट्टी वापरली नाई, आज्यानं नाई. पितळ बी धातूच हाय. सालीले ते लोखंडावानीच लागन."

नथ्थू म्हणाला, "पितळ नरम असते."

"तुह्या डोक्यावानी?"

आमचे नेहमीचे चाकू लोहाराकडचे, सरळ, फडक्यात गुंडाळून कमरेला खोवलेले. त्यांचा एक नेम होता. चाकू कोणाच्या हातात द्यायचा नाही. जमिनीवर ठेवायचा, समोरच्यानं उचलायचा. हातातून हातात गेला की भांडण होतं, असं सारेच मानायचे. नथ्थूला शंका आली. "घडीचा चाकू बंद असन तं? बंद असला का तो चाकू की नुसतं शिंग?"

यावर दोन दिवस गेले. मिस्त्री म्हणाला, साप झोपला तरी साप. नथ्थू म्हणाला, बंद दुकानाला कोणी दुकान म्हणत नाही. मला विचारलं. मी म्हणालो, "भांडन होते का ते पाहाचं असन, तं तुमी दोघं दोन दिवसांपासून काय करून राहिले?"

अनसूया दोरी बांधता बांधता हसली. "बापूभाऊ, आमी हे सारं छप्पन सालीच सोडलं. मी बारा वर्साची होती. मायच्या बोटाले धरून दीक्षाभूमीवर गेलती. कोनाच्या हातानं काय बिघडते, हे तवापासून मी मानतच नाई."

मिस्त्री म्हणाला, "ते चाकूचं ठीक हाय. पन सालीचा कायदा येगळा!"

अनसूयेनं हातातल्या रोपावर दोरी गुंडाळली. गाठ मात्र तिनं जरा जोरात ओढली.

•

पैशाचं काही सांगत नाही, पण एवढं सांगतो की तो चाकू म्हणजे आठवड्याची मजुरी. असं काही एकदम घेत नाहीत. म्हणून कामावरून सुटलं की आम्ही सीताबर्डीला जाऊन काचेतून त्याला बघून यायचो. आहे ना, कोणी नेला नाही ना, एवढंच.

चौथ्या दिवशी एक हवालदार आला. त्यानं तीन दिवस पाहिलं असणार. चार-पाच माणसं येतात, चाकूच्या काचेपुढं उभी राहतात, काही न घेता जातात.

"काय रे, काय पाहून राहिले?"

मी म्हणालो, "चाकू पाहून राहिलो, साहेब."

"कोनता?"

"तो घडीचा."

"काहून पाहिजे घडीचा चाकू?"

मी उत्तर जुळवत होतो. मला जरा वेळ लागतो. तेवढ्यात नथ्थू बोलून गेला, "डोळे काढाले!"

हवालदारानं त्याची कॉलर धरली. "कोनाचे?"

"कोनाचे बी चालते, साहेब. जवान पाहिजे फक्त. रोजचे दोनशे काढतो आमी!"

मी मध्ये पडलो नसतो तर त्या दिवशी सारी टोळी चौकीत बसली असती. चौकापर्यंत चालत जाऊन, फळवाल्याच्या टोपलीतली संत्र्याची डहाळी दाखवून, डोळा म्हणजे काय ते मी समजावलं. हवालदारानं कॉलर सोडली. मग हळूच विचारलं, "माह्या घरी एक झाड हाय. पाच साल झाले, फळ नाई. पाहान का येऊन?"

•

असं बघण्यात काही अर्थ नव्हता. श्रावण रोज विचारायचा, "बापूभाऊ, घेऊ काय?" त्याला झोप लागत नव्हती. पट्टी चालली नाही तर पैसेही गेले आणि वाफाही गेला. मी विचार केला. कांदा कापायचा चाकू कांद्यावर पारखतात. आमचा चाकू रोपावर पारखायला हवा. शेठ चाकू दुकानाबाहेर नेऊ देईना. मग रोपच दुकानात न्यायला काय हरकत?

डालड्याच्या डब्यात जंबेरीचं रोप लावलं, चांगल्या झाडाची एक काडी घेतली आणि सायकलच्या कॅरियरला डबा बांधून सीताबर्डीला गेलो. सारे मागून.

शेठ म्हणाला, "हे काय आणलं?"

"रोप."

"ते दिसतंय मला. इथं कशाला?"

"चाकू बाहेर जात नाई, म्हनून झाड आत आनलं."

शेठनं देवाच्या तसबिरीकडं पाहिलं, आणि चाकू काढून दिला.

श्रावण दुकानाच्या पायरीवर आमच्याकडं पाठ करून बसला. अनसूया त्याच्यापुढं, डबा दोन गुडघ्यांत धरून. तिनं चाकू उघडून दिला. दोघांची डोकी रोपावर वाकली. रस्त्यावरची माणसं थांबून पाहायला लागली. पानवाला पान लावायचं सोडून आला. थोड्या वेळात श्रावण म्हणाला, "झालं," आणि अनसूयेनं दोरी बांधली.

शेठ म्हणाला, "चांगला आहे ना? मग बांधून देऊ?"

मी म्हणालो, "आता कसं सांगू, शेठ? तीन आठवड्यांनी समजन. डबा तुमच्यापाशीच राहू द्या. म्हंजे आमी बदलला असं व्हाचं नाई. डोळा हिरवा राहिला तं चाकू आमचा, काळा पडला तं तुमचा."

"आणि पाणी कोण घालणार?"

"रोज एक पेला. जास्त नाई."

शेठ काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. पण डबा ठेवून घेतला.

आठ दिवसांनी मी गेलो तर डबा तसबिरीखाली. शेठ माझी वाटच पाहत होता. "एक पान पिवळं पडलं! काही होत नाही ना?" मी म्हणालो, जुनं पान आहे, गळू द्या. पंधराव्या दिवशी डबा बाहेर पायरीवर, सकाळच्या उन्हात, आणि शेठ गादी सोडून त्याच्याजवळ स्टुलावर. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "डब्याला पाय लावू नका. चाकूची परीक्षा चालू आहे." एक जण कात्री घ्यायला आला होता. तो म्हणाला, "मंग मी बी कापड ठेवून जातो. तीन आठवड्यांनी येतो."

एकविसाव्या दिवशी आम्ही गेलो. पानवाला आला, बाजूचा शिंपी आला. अनसूयेनं नखानं गाठ सोडली. दोरी उलगडली.

डोळा हिरवा! पोपटी हिरवा, फुगलेला.

शेठ गादीवरून उठून रस्त्यात आला आणि समोरच्या दुकानाकडं तोंड करून ओरडला, "लागला! आपला डोळा लागला!"

श्रावणनं पैसे काढले. शेठनं चाकू दिला. मी डबा उचलायला वाकलो, तर त्यानं माझा हात धरला.

"चाकू न्या. झाड मिळणार नाही."

•

शेवटचा वाफा श्रावणला मिळाला. तो आणि अनसूया वाफ्याच्या पार टोकाला बसले. आम्ही आमच्या कामात होतो. मिस्त्री लांबून पाहायचा, पण त्याला दिसायच्या त्या वाकलेल्या दोन पाठी. चार दिवसांत शंभर रोपं झाली.

दोऱ्या सोडायच्या दिवशी मिस्त्रीनं स्वतः मोजलं. मोठ्यानं मोजायचा. ऐंशी झाले तेव्हा श्रावणनं डोळे मिटले. मिस्त्री थांबला नाही. नव्वद. एक्क्याण्णव. चौऱ्याण्णवला थांबला.

"चौऱ्याण्णव! बापूभाऊ, आपल्या नर्सरीत आजवर कोनाचेच लागले नाई एवढे." मिस्त्रीनं श्रावणच्या पाठीवर थाप मारली. "चाकू खरा हाय गा! पितळेत दम हाय!"

संध्याकाळी तो माझ्याकडं आला. म्हणाला, "पुढच्या हंगामाले साऱ्याईनं तसाच चाकू घ्याचा. तू श्रावणच्या घरी जाय, नीट पाहून घे आन् सांग मले, घ्यासारखा हाय का नाई."

मी गेलो. श्रावण ओट्यावर बसला होता. अनसूया समोर सुपात तांदूळ निवडत होती. श्रावणनं चाकू आणून दिला. मी आधी पातं उघडलं. शंभर रोपांचा चीक लागून ते काळपट पडलं होतं, धार मात्र छान. मग दुसऱ्या टोकाची पितळेची पट्टी उघडली.

पट्टीवर शेठनं किमतीचा कागद चिकटवलेला होता. पातळ, गोंदानं लावलेला, वर शिसपेन्सिलीनं आकडा. ओल्या सालीत एकदा जरी ती पट्टी गेली असती, तर कागद भिजून निघून गेला असता. कागद कोरा करकरीत होता. आकडासुद्धा पुसला नव्हता.

मी बराच वेळ पाहत राहिलो. मला जरा वेळ लागतो.

"श्रावण," मी म्हणालो, "या पट्टीवरचा कागद तं तसाच हाय गा."

अनसूयेचा हात सुपात थांबला. तिनं उजवा अंगठा मुठीत घेतला आणि मूठ पदराखाली.

श्रावण एकदा तिच्याकडं पाहून माझ्याकडं वळला.

"चाकू एक नंबर हाय, बापूभाऊ. मिस्त्रीले सांगा, साऱ्याईनं घ्यावा. फक्त जोडीनं बसून वापरावा म्हना!"